चूक मान्य, निकाल कायम? एनसीएएच्या फुटबॉल नियम समितीला खुले पत्र

प्रति,
एनसीएए (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना) फुटबॉल नियम समितीचे सर्व सदस्य
आणि कॉन्फरन्सचे (विद्यापीठांच्या क्रीडा-गटांचे) आयुक्त यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या अमेरिकन फुटबॉलच्या नियमपुस्तकात अगदी सुरुवातीला एक छोटं कलम आहे. सामना संपला असं मुख्य पंचाने जाहीर केलं की गुण अंतिम. हे पत्र त्या कलमाबद्दल आहे.

गेल्या काही वर्षांत तुम्ही बरंच काही बदललंत. २०२३ मध्ये पहिला डाऊन (दहा यार्ड पुढे गेल्यावर मिळणारी नवी संधी) मिळाला की घड्याळ थांबवायची जुनी पद्धत शेवटच्या दोन मिनिटांपुरती ठेवलीत. २०२४ मध्ये प्रशिक्षकाचा आवाज खेळाडूच्या हेल्मेटमध्ये ऐकू यायला लागला, दोन मिनिटं उरली की सक्तीचा टाइमआउट आला. नियम बदलायला तुम्ही बिचकत नाही, हे उघड आहे. मात्र शेवटच्या सेकंदाला पंचांची चूक झाली, ती तुमच्याच लोकांनी लेखी मान्य केली, तरी हरलेल्यांनी हरलेलंच राहायचं, या एका गोष्टीला तुम्ही हात लावत नाही. ते आता मुकाट्याने मान्य करणं मला जमत नाही.

इंग्रजी प्रत तुमच्या इंडियानापोलिसच्या कार्यालयात पाठवली आहे. मराठीत लिहिण्याचं कारण असं की अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांमध्ये आज आमची असंख्य मुलं शिकतात. ती शनिवारी स्टेडियममध्ये जातात, विद्यापीठाच्या रंगाचा शर्ट घालतात आणि वर्षभरात तिथलीच होतात. इथे येऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली आमची घरं तर विचारूच नका. हा खेळ आता आमचाही आहे, तेव्हा त्यातला अन्यायही आमचाच.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर आपल्या नेहमीच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठांमध्ये काय ईर्ष्या असते ते लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे हरल्यावर आठवडाभर न जेवणारी माणसं मला परकी नाहीत. पुढे शिक्षणासाठी मिसूरी विद्यापीठात, कोलंबियाला आले आणि इथेच राहिले. हे गाव शिकागोएवढं मोठं नाही. शनिवारी सामना असला की सगळं गाव सोनेरी-काळ्या रंगात फरो फील्डकडे निघतं. इथे आल्यावर पहिल्याच हंगामात प्रयोगशाळेतल्या एका वयस्क तंत्रज्ञाने मला ‘फिफ्थ डाऊन’ सांगितला. आमच्याकडे आजोबा पानशेतचा पूर सांगतात ना, त्या आवाजात. कोलोरॅडोचं नाव निघालं की तो पाच बोटं वर करायचा आणि गप्प व्हायचा.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा खेळ नवा असेल, म्हणून थोडक्यात सांगते. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाऊन. गोलरेषा दहा यार्डांच्या आत असेल तर याच चार प्रयत्नांत ती गाठायची; चेंडू रेषेपार नेला की टचडाऊन. कितवा डाऊन चालू आहे हे दाखवायला मैदानाच्या कडेला एक माणूस खांब घेऊन उभा असतो, आणि खांबाच्या टोकाला आकडा असतो. प्रत्येक डाऊननंतर तो आकडा बदलायचा. पंचही आपापल्या परीने मोजतात. मनगटाच्या पट्ट्याला जोडलेली रबराची कडी ते पहिल्या डाऊनला तर्जनीत अडकवतात, दुसऱ्याला मधल्या बोटात, आणि अशी ती सरकत करंगळीपर्यंत जाते. करंगळीच्या पुढे बोट नाही, आणि चौथ्याच्या पुढे डाऊन नाही.

६ ऑक्टोबर १९९०. फरो फील्डवर मिसूरी ३१, कोलोरॅडो २७. शेवटचं अर्धं मिनिट. कोलोरॅडोला गोलरेषेपासून तीन यार्डांवर पहिला डाऊन मिळाला. क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) चार्ल्स जॉन्सनने घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटला. पहिला डाऊन गेला. एरिक बिएनिमी धावला, रेषेच्या जवळ अडवला गेला, दुसरा गेला. कोलोरॅडोने टाइमआउट घेतला, आणि त्या गडबडीत खांबावरचा आकडा बदलायचा राहिला. बिएनिमी पुन्हा धावला, पुन्हा अडवला गेला. हा तिसरा, पण खांब अजून दुसराच दाखवत होता. जॉन्सनने परत चेंडू आपटला तेव्हा घड्याळात दोन सेकंद होते. तो चौथा होता. तिथे चेंडू मिसूरीला मिळायला हवा होता आणि सामना संपायला हवा होता. पंचांपैकी एकानेही ते पाहिलं नाही. जॉन्सनला पाचवा प्रयत्न मिळाला, तो रेषेवर कोसळला आणि पंचांनी टचडाऊन दिला. चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता असं इथले लोक आजही छातीठोक सांगतात, पण तो वाद मी बाजूला ठेवते. ३३-३१.

पंचांचा तो संपूर्ण गट बेमुदत निलंबित झाला. मिसूरीने दाद मागितली. तेव्हाच्या बिग एट कॉन्फरन्सच्या आयुक्तांनी कळवलं की डाऊन मोजण्यातली चूक सामना संपल्यावर दुरुस्त करता येत नाही. चूक झाली, चुकणाऱ्यांना शिक्षाही झाली, निकाल मात्र जागचा हलला नाही. कोलोरॅडो तो हंगाम ११ विजय, एक पराभव, एक बरोबरी असा संपवून असोसिएटेड प्रेसच्या, म्हणजे पत्रकारांच्या मतमोजणीत राष्ट्रीय विजेता ठरला; तेव्हा विजेता मतांनीच ठरायचा. प्रशिक्षकांच्या मतमोजणीत अपराजित जॉर्जिया टेक अवघ्या एका गुणाने पुढे राहिलं. म्हणजे त्या दोन सेकंदांचं ओझं मिसूरीपुरतं राहिलं नाही, अटलांटापर्यंत गेलं.

१९९० मध्ये रिप्ले (चित्रफीत पाहून पंचांचा निर्णय तपासणं) नव्हता, ते दिवस वेगळे होते, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण रिप्ले आल्यावर काय झालं, ते माझ्या घरात घडलं आहे.

१० सप्टेंबर २०१६. माझा भाचा तेव्हा ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात, स्टिलवॉटरला शिकत होता आणि त्या दिवशी स्टेडियममध्ये होता. समोर सेंट्रल मिशिगन. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ पुढे, चार सेकंद बाकी, चौथा डाऊन. क्वार्टरबॅक मेसन रुडॉल्फने वेळ घालवण्यासाठी चेंडू लांब भिरकावून दिला, तोवर घड्याळ शून्यावर आलं. आपला खेळाडू जवळपास नसताना असा चेंडू टाकला की ‘इंटेन्शनल ग्राउंडिंग’चा फाउल होतो आणि त्याच्या शिक्षेत डाऊनही जातो. ज्या शिक्षेत डाऊन जातो त्या फाउलवर वेळ वाढवून द्यायची नाही, हे तुमचंच पुस्तक सांगतं. सामना तिथे संपला होता. पंचांनी मात्र सेंट्रल मिशिगनला बिनवेळेचा एक जादा डाव दिला. कूपर रशने लांब फेकलेला चेंडू जेसी क्रोलने झेलला आणि पडता पडता कोरी विलिसकडे दिला. विलिस धावत गोलरेषेपार गेला. ३०-२७.

भाचा रात्री फोनवर एवढंच म्हणाला, “मावशी, नियम माझ्या मोबाइलमध्ये होता. स्टेडियमभर लोक तो वाचत होते.”

पंच त्यांच्या कॉन्फरन्सकडून दोन सामन्यांसाठी निलंबित झाले. रिप्लेच्या खोलीत बसलेल्यांना ओक्लाहोमा स्टेटच्या कॉन्फरन्सने, बिग ट्वेल्व्हने, दोन सामने घरी बसवलं, कारण ते वेळीच मध्ये पडू शकले असते. चूक झाल्याचं निवेदन निघालं, आणि त्यातच निकाल बदलणार नाही हेही लिहिलेलं होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१५ ला, डरहॅममध्ये ड्यूक २७-२४ पुढे असताना मायामीने शेवटच्या किकऑफवर चेंडू आठ वेळा हातोहात फिरवून टचडाऊन केला. त्यात एका खेळाडूने चेंडू सोडण्याआधी त्याचा गुडघा जमिनीला टेकला होता, म्हणजे डाव तिथेच संपला होता. पंच आणि रिप्ले अधिकारी कितीतरी मिनिटं पडद्याकडे पाहत राहिले आणि तरी टचडाऊन कायम ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्सने कबूल केलं की गुडघा टेकला होता. पुन्हा दोन सामन्यांचं निलंबन, आणि पुन्हा निकाल तसाच.

माझ्या तक्रारी यातूनच निघतात.

पहिली तक्रार पंचांबद्दल नाही. माणूस चुकणार. हजारो लोकांच्या आरडाओरड्यात, दोन सेकंदांत, थंडीत-पावसात कोणीही चुकेल, आणि या पंचांना घरी धमक्या देणारे लोक मला अजिबात आपले वाटत नाहीत. तक्रार आहे ती सगळी शिक्षा त्यांच्यावर लोटून तुम्ही मोकळे होता याची. दोन आठवडे घरी बसलेल्या पंचामुळे स्टिलवॉटरच्या मुलांना काय मिळालं? ज्या कलमाने त्यांचे हात बांधले ते कलम तर दुसऱ्या दिवशीही कामावर होतं.

दुसरी. तुमच्या व्यवस्थेत जिंकणाऱ्यांचंही नुकसान आहे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. सेंट्रल मिशिगनच्या पोरांनी काय पाप केलं होतं? त्यांना डाव दिला गेला, त्यांनी तो अप्रतिम खेळला. आज त्या झेलाचं नाव काढलं की पुढचं वाक्य ‘पण तो डाव व्हायलाच नको होता’ हेच असतं. कोलोरॅडोच्या १९९० च्या संघात काय एकेक खेळाडू होते! हंगामाच्या शेवटच्या ऑरेंज बाउल सामन्यात त्यांनी नोत्र दामला १०-९ हरवलं. तरी त्यांच्या विजेतेपदाला पाच बोटं चिकटली ती चिकटलीच. वेळीच निवाडा झाला असता तर दोन्ही बाजूंची मुलं मोकळी झाली असती. तुम्ही तो केला नाही, म्हणून लोक स्वतःच करत बसले आहेत, आणि पिढ्यान्पिढ्या करतील.

तिसरी तक्रार लांब आहे. ‘एकदा असं दार उघडलं की प्रत्येक सामना कोर्टात जाईल’, हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकतेय. म्हणून कोणते वाद मला उघडायचे नाहीत ते आधी सांगते. २० नोव्हेंबर १९८२ चा बर्कलीचा सामना बघा. स्टॅनफर्ड २०-१९ पुढे, चार सेकंद बाकी, आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या खेळाडूंनी पाच वेळा चेंडू मागे टाकत, मैदानात घुसलेल्या स्टॅनफर्डच्या बँडमधून वाट काढत टचडाऊन केला. २५-२०. गुडघा टेकला का, शेवटचा चेंडू पुढे टाकला का, यावर दोन्ही विद्यापीठं अजून भांडतात. विजेत्याला मिळणारी कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली की तिच्यावरचा त्या वर्षाचा निकाल २०-१९ असा बदलला जातो, आणि परत बर्कलीला आली की पुन्हा २५-२०. पण तिथे पंचांनी एकत्र येऊन, विचार करून निर्णय दिला आणि कोणत्याही अधिकृत संस्थेने तो चुकीचा म्हटला नाही. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ, त्यात तुम्ही पडू नये.

किंवा २००९ ची बिग ट्वेल्व्हची अंतिम लढत. नेब्रास्का १२-१० पुढे, घड्याळ शून्यावर, त्यांचे लोक मैदानात धावले, आणि रिप्लेने एक सेकंद परत ठेवला. टेक्ससने ४६ यार्डांवरून किक मारून १३-१२ जिंकलं. नेब्रास्काच्या लिंकनमधल्या लोकांना तो सेकंद अजून खुपतो, मला त्यांचं दुःख कळतं. पण चेंडू सीमेबाहेर पडला तेव्हा घड्याळात एक सेकंद होता. दुरुस्ती योग्य होती, आणि महत्त्वाचं म्हणजे ती निकाल लागण्याआधी झाली. हाच न्याय निकाल लागल्यानंतर एक-दोन दिवस का चालू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि हे आधी झालेलं आहे. १६ नोव्हेंबर १९४०, हॅनोव्हर, न्यू हॅम्पशायर. कॉर्नेलचा अपराजित संघ डार्टमथविरुद्ध ३-० मागे होता. शेवटच्या काही सेकंदांत त्यांनी टचडाऊन करून ७-३ असा विजय मिळवला. नंतर चित्रफीत पाहिल्यावर कळलं की तो पाचवा डाऊन होता. मुख्य पंच रेड फ्रीझेल यांनी चूक उघडपणे मान्य केली. त्या वेळीही निकाल बदलण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता. मग कॉर्नेलनेच तार करून विजय डार्टमथला देऊन टाकला. आज नोंद ३-० अशीच आहे. आभाळ कोसळलं नाही. पण सगळ्यांनी कॉर्नेलसारखंच वागावं, अशी अपेक्षा धरून नियम चालत नाहीत. जिंकलेल्या विद्यापीठाच्या चांगुलपणावर हा प्रश्न सोडून द्यायचा असेल, तर मग समिती कशाला हवी?

मिसूरीच्या माझ्या मित्रमंडळींना न रुचणारी एक गोष्टही इथेच लिहिते. कोलोरॅडोची बाजू अगदीच पोकळ नाही. खांबावर ‘तीन’ दिसत होतं म्हणून जॉन्सनने चेंडू आपटला. ‘चार’ दिसलं असतं तर त्याने आपटला नसता, काहीतरी खेळला असता, आणि कदाचित टचडाऊन झालाही असता. म्हणून त्या सामन्याचा निकाल सरळ उलटा करून मिसूरीला ३१-२७ द्या, असं मी म्हणत नाही. कोणी जिंकलं हे ठरवता येत नाही, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं, आणि तेवढंच नोंदीत यावं. स्टिलवॉटर आणि डरहॅमची गोष्ट निराळी. तिथे घड्याळ संपलेलं होतं, पुढे ‘जर-तर’ला जागाच नव्हती. तो शेवटचा डाव पुसा, की खरा निकाल आपोआप हातात येतो.

कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी स्वतः मिसूरीचे माजी खेळाडू. सामन्यानंतर त्यांनी मैदान निसरडं असल्याची तक्रार केली होती आणि इथली माणसं त्यावर फार चिडली होती. पुढे १९९८ मध्ये त्यांनी त्या प्रकाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २०२५ च्या जानेवारीत ते गेले. माणसांना कधी ना कधी बोलावंसं वाटतं, नियमपुस्तकाला वाटत नाही. ते तुम्हालाच बोलतं करावं लागेल.

चौथी तक्रार पैशाची, आणि ती थोडक्यात. २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात. बऱ्याच राज्यांत सामन्यांवर पैजा लावणं कायदेशीर आहे, मिसूरीच्या मतदारांनीही २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. पैजांचे पैसे निकालाबरोबर वाटले जातात, ते परत कसे घेणार, असा आक्षेप येईल. घेऊ नका. पैजेचा हिशोब मैदानावरच्या घोषणेवर बंद करा आणि अधिकृत नोंद वेगळी ठेवा. विद्यार्थ्यांच्या हाताशी आलेला विजय पैजवाल्यांच्या सोयीसाठी अडकवून ठेवू नये.

आता मागण्या.

१. कॉन्फरन्सने ४८ तासांच्या आत लेखी मान्य केलं की घड्याळ संपल्यावर दिलेला, किंवा मुळात संपलेला शेवटचा डाव नियमाने धरायलाच नको होता, तर तो डाव रद्द धरून त्याआधीचे गुण अंतिम मानावेत. यासाठी ‘गुण अंतिम’ या कलमाला अपवाद जोडावा.

२. चूक शेवटच्या डावाच्या आधीची असेल आणि तिच्यामुळे दोन्ही संघांचे निर्णय बदलले असतील, तर सामन्याची नोंद ‘अनिर्णित, पंचांची मान्य चूक’ अशी व्हावी.

३. जो डाव सामन्याचा निकाल फिरवतो, त्यानंतर मुख्य पंचाने सामना संपल्याचं जाहीर करण्याआधी रिप्लेच्या खोलीतून तीन गोष्टींची खात्री सक्तीची करावी: डाऊन कितवा, घड्याळ किती, आणि फाउल असल्यास वेळ वाढते की नाही. यात चेंडू कोणी झेलला, धक्का लागला की नाही, असे डोळ्यांच्या अंदाजाचे प्रश्न येत नाहीत. ज्यांचं उत्तर आकड्यात किंवा पुस्तकात आहे तेवढेच तपासायचे आहेत.

४. अशा प्रत्येक चुकीचा अहवाल पंचांच्या निलंबनासोबतच जाहीर व्हावा. चूक कोणत्या क्षणी झाली आणि कोण ती थांबवू शकत होतं, हे त्यात असावं. पंचांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कॉन्फरन्सने घ्यावी.

५. ६ ऑक्टोबर १९९०, ३१ ऑक्टोबर २०१५ आणि १० सप्टेंबर २०१६ या तीन सामन्यांच्या तुमच्या अधिकृत नोंदींपुढे, निकाल न बदलता, मान्य झालेल्या चुकीची एक ओळ घालावी. मागचे विजय हिरावून घ्या असं मी म्हणत नाही. जे तुमच्याच कॉन्फरन्सनी कबूल केलं आहे ते तुमच्या नोंदीत असावं.

हे पाचही मुद्दे नियम समितीच्या पुढच्या वार्षिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत. फेटाळायचे असतील तर कारणांसह फेटाळा आणि ती कारणं प्रसिद्ध करा. उत्तर आलं की ते मी याच ठिकाणी मराठीत, एक शब्दही न गाळता छापेन.

आपली,
मिसूरी विद्यापीठाची एक माजी विद्यार्थिनी
कोलंबिया, मिसूरी